तात्यांचा सातवा मासा

सरूबाईंनी टाकीच्या काचेला नाक लावलं. आतला पट्टेरी मासा करंगळीएवढा होता, पण त्याच्यात तात्यांची, म्हणजे त्यांच्या न्हावी नवऱ्याची, जनुकं होती. विसरण्याच्या आजाराचं औषध आता आधी पेशंटच्या माशाला देत, मग पेशंटला.

माशांवर औषध तपासण्याची सोय येण्यापूर्वी दिलेल्या गोळीनं तात्यांना गिऱ्हाइकांची नावं आठवली होती. पण हातातला वस्तरा थरथरू लागला, आणि नावानं हाक मारलेलं गिऱ्हाईकही खुर्चीत बसेना.

सहा औषधांनी सहा मासे बिघडले. कुणी तळाशी बसून राहिला, कुणी गरगर फिरला. सातव्याला मात्र टाकीतला रोज खाऊ मिळायचा तो लाल कोपरा आठवला. तो सरळ तिकडे गेला आणि त्याची शेपटी जराही थरथरली नाही.

"हेच ते औषध!" डॉक्टर इनामदार ओरडले.

"मग पहिली दाढी तुमची," सरूबाई म्हणाल्या. "माशावर भरवसा आहे ना?"

तात्यांना ते औषध सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी डॉक्टर तात्यांच्या खुर्चीत बसले. तात्यांनी त्यांना नावानं हाक मारली आणि वस्तरा गळ्याशी नेला. डॉक्टरांनी डोळे गच्च मिटले. सरूबाईंनी मात्र टक्क उघडे ठेवले. वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरला.

"इनामदारसाहेब, हलू नका," तात्या म्हणाले. "तुम्हीच थरथरताय."