झाडांच्या पोटातलं लोखंड

वादळात गोठ्याचं छप्पर उडालं आणि बर्फ तोंडावर आलेला, म्हणून म्हाताऱ्या झानिसनं लाकूड चिरायचं, ट्रॅक्टरवर चालणारं एक जुनं बँडसॉ मशीन विकत आणलं. घर बायकोच्या माहेरचं; सोव्हिएत राजवटीनं घेतलेलं आणि पन्नास वर्षांनी सरकारनं परत दिलेलं जंगल त्याच्या मागेच होतं. पण लाटव्हियाच्या त्या कोपऱ्यात दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसापर्यंत लढाई चालली होती आणि तोफगोळ्यांचे तुकडे अजून झाडांच्या पोटात होते.

पहिल्याच ओंडक्यात पातं खाडकन तुटलं. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात तुटलं, तेव्हा झानिस ट्रॅक्टर बंद करून मटकन खाली बसला.

"एकच पातं उरलंय, वेल्टा. हेही गेलं तर गाई खाटकाला द्याव्या लागतील."

बायकोनं कुऱ्हाड आणली, त्याच्या हातात दिली आणि फाटकाजवळचं उंच पाइन दाखवलं.

"हे पाड."

"हे? अगं, याची फांदीसुद्धा तोडू देत नाहीस तू!"



"यात लोखंड नसणार. लढाई संपली आणि माझा भाऊ परत आला नाही, तेव्हा आईनं लावलंय हे."