अध्यक्षांची उदबत्ती

जपानात सानुकीकडे आमच्या गावात दुष्काळात तळ्याचं पाणी उदबत्तीवर वाटतात. तुमची उदबत्ती जळतेय तोवर पाणी तुमच्या शेताला. ती विझली की पुढच्याच्या. हल्ली पावसाचं डोकं फिरलंय, म्हणून ही जुनी रीत पुन्हा काढली.

त्सुनेमात्सु हा आमच्या तळं समितीचा अध्यक्ष. भाषणं समान वाटपाची, आणि स्वतःची उदबत्ती चोरून ओलावलेली, सावकाश जळावी म्हणून! मेल्याला लाज कसली ती नाहीच.

त्या दुपारी त्याच्यामागून माझी पाळी. माझा भात पिवळा पडलेला. आज पाणी नाही मिळालं तर गेलाच. तळ्यातून पाणी सुटतं त्या मोरीपाशी टपून बसले. उदबत्ती धुमसत होती, पण तसूभर कमी होईना. तळं मात्र आटलं, तळाला भेगा दिसल्या. तरी पाट त्याच्या शेताकडे खळखळत वाहतोच आहे!

"अहो अध्यक्ष, तळं कोरडं. मग हे पाणी येतंय कुठून?"

"युकिए आजी, नियम म्हणजे नियम. माझी विझली का?"

"मग विझवा की!"

हसतच त्यानं फुंकर मारली. मग चिमटीत दाबली. मग पाटात बुडवली. पाण्याखालीही टोक लालच. हसू मावळलं.

उदबत्ती परत तिच्या वाडग्यात खोचली. होती तेवढीच, पण वाडग्यात राखेचा ढीग चढत होता.

"मग ही राख कशाची हो?"

"गप बस, थेरडे!" म्हणत माझ्यावर बोट उगारायला त्यानं हात उचलला.

बाहीतून भुरभुर राख सांडली. बोट काही बाहेर आलं नाही.

आणि तरी म्हणतो कसा, "पाळी अजून माझीच आहे!"