तिच्या हातचं पाणी

साईश हे कुणाला सांगणारच नव्हता, कारण यात त्याने नोकरीचा नियम मोडलाय. गोव्यातल्या डिचोलीजवळच्या मुळगावचा हा ट्रकवाला आता आफ्रिकेत, निर्वासितांच्या छावणीत एका परदेशी संस्थेचा पाण्याचा टँकर चालवतो. सुट्टी संपली तसा दोस्त गौरेश त्याला मोपा विमानतळावर सोडायला आला.

"परत त्या वाळवंटात? डिचोलीत ट्रक संपले काय रे?"

"थंयच्या एका म्हातारीन आपल्या कॅनातला पाणी माका दिला. निर्वासितांकडसून काय घेवचा नाय, असो नियम. तरी पियालंय."

"पाणी तुझ्याच टँकरातला मरे!"

"तेंच तिका म्हटलंय. तर म्हणाली, 'सगळे काय तरी देवक येतत. माझ्या हातचा घेणारो पावणो चार वर्सांत तूच पयलो.' तिचे उपकार फेडूक नको?"

गौरेशने त्याच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून घेतली. "मगे तिच्याकडे तहानलेलोच जा."

"जातलंय. तुझी शप्पथ."