लाल कुडी

शाल्मलीच्या दुखऱ्या जबड्यासाठी गोळ्या झाल्या, दातांत घालायची रात्रीची पट्टी झाली. आता डॉक्टरांनी कानात घालायला बारीक दिव्याची कुडी दिली होती. जबडा आवळला की ती लाल व्हायची. मग जबडा सैल सोडायचा, एवढाच उपचार.

जेवताना तिचा नवरा निनाद म्हणाला, “नागपूरला बदली घेतोय. तुला शाळेतली नोकरी सोडावी लागेल. चालेल ना?”

“चालेल,” ती नेहमीसारखीच म्हणाली.

कुडी लालभडक झाली.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. “निनाद, जरा तिच्या कानाकडे बघ.”

शाल्मलीने जबडा सैल सोडला. “नाही चालणार,” ती म्हणाली.

कुडी विझली.

निनादने ताट बाजूला सारलं. “मग काय करूया?”

तिने भाकरीचा मोठा घास घेतला. जबडा कुरकुरला नाही.

“आधी जेवू दे,” ती म्हणाली. “मग सगळं सांगते.”