शालिग्राम सरांचा आदर्श पाठ

शालिग्राम सरांनी चष्मा पुसून मोबाईलकडे पुन्हा पाहिलं. भोपळाच होता. अकरा जणांनी त्यांच्या पाठाला दहापैकी दहा दिले होते आणि धुळ्याच्या कुणा पुनम देवरेने शून्य.

नशिराबादच्या त्यांच्या शाळेत मुख्याध्यापकाची खुर्ची उन्हाळ्यात रिकामी होणार होती. तिच्यावर बसायचं तर या ऑनलाइन प्रशिक्षणात अ श्रेणी हवी होती. सरांचा खुर्चीवर इतका जीव जडला होता की येता-जाता ते तिची गादी दाबून बघत. त्या एका शून्याने श्रेणी ब वर घसरली.

मुळात ते ॲप म्हणजे सरांच्या मागे लागलेली साडेसाती होती. काल चाललेला पासवर्ड आज चालत नसे. लेक्चर सुरू ठेवून जेवायला बसलं की मध्येच 'आपण आहात ना?' असं विचारी. मग प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाठाचा व्हिडिओ ॲपवर चढवायचा, असं फर्मान आलं. सून ज्योती मदतीला आली, तिला सरांनी परत पाठवलं. गॅलरीत पोस्टाच्या तिकिटाएवढे चौकोन दिसत होते. त्यातला पांढऱ्या शर्टातला, हात उंचावलेला शालिग्राम त्यांनी बरोबर ओळखला, दाबला आणि वर 'अपूर्णांक' असं पाठाचं नाव टाकलं.

पुढचं काम एकमेकांचे पाठ बघून गुण देण्याचं. ते मात्र सरांना लगेच जमलं. लग्नातल्या आहेरासारखंच होतं ते. आपण करायचा, समोरच्याने परत करायचा. एकही व्हिडिओ न उघडता त्यांनी सगळ्यांना दहा दिले, पुनमलाही. परतफेडीत शेरेही आले. 'अपूर्णांक छान उलगडले.' 'वर्गनियंत्रण वाखाणण्याजोगं.' 'फळ्याचा वापर नमुनेदार.' जग रीतीने चाललं होतं. ही बाई तेवढी आहेर घेऊन मांडवातून पळाली.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला.

"सर, तुम्ही तो व्हिडिओ एकदा स्वतः बघा. परवापर्यंत बदलता येतो. बदलला की मी पुन्हा गुण देते."

"मले शिकवू नको, पोरी. तू जन्मली नव्हती तवापासून मी शिकवी राह्यलो."

सरांनी फोन ठेवून दिला. या प्रशिक्षणावर तिची नोकरी कायम व्हायची होती. ते तिने सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. रागाच्या भरात त्यांनी ॲप उघडलं. त्यात तक्रारीचं एक बटण होतं. इतक्या दिवसांत तेवढं एक बटण त्यांना कुणी न दाखवता सापडलं. त्यांनी एका ओळीची तक्रार केली.

चौकशी झाली. म्हणजे अकरा जण एकीकडे आणि एक बाई एकीकडे, एवढं वरच्यांनी पाहिलं. शून्य रद्द झालं, सरांना अ श्रेणी मिळाली. शिवाय इतक्या लोकांनी वाखाणलेला पाठ म्हणून जळगावच्या समारोपात तो सगळ्यांना दाखवायचं ठरलं. सरांनी नवा सदरा शिवला.

सभागृह भरलं होतं. पडदा उजळला. केळीच्या बागेच्या बांधावर शालिग्राम सर पांढऱ्या शर्टात उभे होते. उंचावलेल्या हातात खडू नव्हता, वांगं होतं. मागे काटक्यांच्या जाळावर आणखी वांगी भाजत होती. "मिर्ची कमी पडली, भो," पडद्यावरचे सर म्हणाले, "अजून आन." मग मंडळी केळीच्या पानांवर भरीत-पुरी खायला बसली. अपूर्णांक शेवटपर्यंत आले नाहीत.

आता संपलं, असं खुर्चीत बसलेल्या सरांना वाटलं. पण सभागृहात कुणी हसेना. हसू येई त्याला आपणही न बघता दिलेले दहा गुण आठवत. प्रशिक्षणप्रमुखांनी तर पाठाच्या निवडीवर सही केली होती. तेच आधी सावरले. कृतीतून शिक्षण म्हणतात ते हेच, असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली. मग टाळ्या थांबेनात.

माईक सरांच्या हातात आला. शेवटच्या रांगेतून पुनम त्यांच्याकडे बघत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सरांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण खुर्चीची गादीही आठवली.

"मुलांना असंच शिकवावं लागतं," ते म्हणाले.

सर्वात शेवटी प्रशिक्षणाला पुन्हा बसावं लागणाऱ्यांची नावं पुकारायची होती. नाव एकच निघालं. पुनम देवरे उभी राहिली. सरांनी तक्रारीत लिहिलेलं कारण प्रमुखांनी जसंच्या तसं वाचून दाखवलं.

"व्हिडिओ न बघताच गुण दिले."