बीच हॉटेलातले सोयरे

विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी चार खोल्या बांधून शेषेरावांनी हौसेनं पाटी लावली होती, ‘बीच हॉटेल’. ते गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आधी बुकिंग केलेलं नाशिकचं कुटुंब दारात उभं राहिलं. लेक वर्षाराणीला प्रश्न पडला: बाबांच्या हॉटेलातून पाहुणा कधी उपाशी गेला नव्हता, पण दुखवट्यात चूल कशी पेटवायची? बाबा गेल्याचं पाहुण्यांना न सांगता तिनं खोल्या उघडल्या.

तेवढ्यात रिवाजाप्रमाणं शेजारच्या गुणाबाई चार बायांसह पिठलं-भाकरी घेऊन आल्या. “पोरी, सोयरे लई लांबून आलेत. त्यान्ला आधी वाढू,” म्हणत त्या थेट पाहुण्यांकडं वळल्या.


सकाळी निघताना नाशिकच्या काकू म्हणाल्या, “जेवण झकास! पण तुमच्या वाढणाऱ्या बाया आम्हाला कवटाळून ‘रडू नका, दोन घास खा’ असं का म्हणत होत्या?”