फुलीवरचा माणूस

फोटोंसाठीचा पडदा घरातच उभारण्यात नवऱ्याला तीन फायदे दिसत होते. स्टुडिओचं भाडं वाचणार होतं. बायकोची जाण्यायेण्याची दगदग वाचणार होती. तिसरा फायदा तो कोणाला सांगत नसे : तिच्या कॅमेऱ्यासमोर कोण बसतं, ते त्याला दिसणार होतं.

खर्च हात आखडूनच केला. जुनी चादर राखाडी रंगात बुडवली, नळकामातला उरलेला पाइप भिंतीला अडकवला, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर परतवायला फ्रिजच्या खोक्यातलं पांढरं थर्माकोल होतंच. खिळा ठोकताना भिंतीचा टवका उडून डावी भुवई फुटली, ती काही त्याने खर्चात धरली नाही.

फोन घेणं, वेळा वहीत लिहिणं, थर्माकोल धरणं ही कामं त्याची. गिऱ्हाईक येण्याआधी बायको त्यालाच जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या फुलीवर उभं करून उजेड बघून घेई. मग म्हणे, "झालं. सरका आता."

एका रविवारी दातांचा डॉक्टर आला. दवाखान्याच्या पाटीसाठी फोटो हवा होता, आणि गडी हसायला तयार नव्हता.

"लोकांचे दात बघता आणि स्वतःचे लपवता होय, डॉक्टर?" ती म्हणाली. "राहू द्या. नुसतं मनात हसा. हां, अस्संच. माझ्याकडे बघा."

डॉक्टर बघत राहिला. तीही. नवरा बाजूला उभा राहून मिनिटं मोजत होता. सतराव्या मिनिटाला त्याने थर्माकोल हळूच फिरवलं. डॉक्टरचा अर्धा गाल काळवंडला.

"अहो, उजेड द्या की," कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता ती म्हणाली. "त्यातही काटकसर?"

डॉक्टर खदखदून हसला. नेमका तोच फोटो पाटीवर लागला.

पुढच्या रविवारी वहीत दहाच्या वेळेपुढे नाव नव्हतं. 'पूर्ण तास' एवढंच लिहिलेलं, आणि पानांमध्ये पैशांचं पाकीट. दहाच्या ठोक्याला नवरा इस्त्रीचा शर्ट घालून फुलीवरच्या स्टुलावर येऊन बसला.

"उठा हो, गिऱ्हाईक येईल आता."

"आलंय."

ती हसली. तो हसला नाही.

"आणि थर्माकोल कोण धरणार?"

"ते तुझं तू बघ. मी पैसे भरलेत."

तिने थर्माकोल खुर्चीला टेकवलं, कॅमेरा डोळ्याला लावला. बटण दाबलंच नाही. कॅमेरा खाली घेऊन ती जवळ आली.

"हे भुवईवर काय लागलं?"

"पडदा लावताना लागलं."

"कधी?"

"पडदा लावला तेव्हा. दोन महिने झाले."

खुर्ची थर्माकोलसकट ओढून तिने त्याच्या डाव्या बाजूला आणली आणि परत कॅमेऱ्यामागे गेली.

"माझ्याकडे बघा," ती म्हणाली.

तास संपल्यावर तिने पाकीट कपाटात टाकलं. घरचा माणूस म्हणून सूट दिली नाही, त्यानेही मागितली नाही. अकराचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा तो थर्माकोल धरून उभा होता. पडद्यात वाचवलेलं सगळं त्या एका तासात गेलं होतं, आणि हातातलं थर्माकोल जराही फिरत नव्हतं.